सेवा आणि वेतन

अपंगांची देखभाल करणाऱ्या माणसाने रास्त पगार मागावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. त्याच्या इतिहासातला एक दुवा नागपूरचा आहे.

विदर्भात ह्या कामाला त्यागाची थोर परंपरा लाभली. रोगाने हातपाय झिजलेल्या कुष्ठरुग्णांसाठी 1936 साली वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी कुष्ठधाम उभारले. बाबा आमट्यांनी वकिली सोडली आणि 1949 साली वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापन केली. अशा माणसांनी स्वतःच्या पगाराचा हिशेब कधी केला नाही. परंतु कोणतीही संस्था वाढली म्हणजे पगारी माणसे नेमावीच लागतात. संस्थापकाने व्रत घेतले ते स्वखुशीने. तेच व्रत पोटासाठी आलेल्या आयाबाईवर लादता येईल काय?

हा वाद वेगळ्या वाटेने न्यायालयात गेला. सदर बाजारालगत, सिव्हिल लाइन्समध्ये नागपूर महानगरपालिकेची कचेरी आहे. तिथल्या नोकरांचा वेतनश्रेणीचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. 1960 साली निकाल लागला, की आरोग्य आणि शिक्षण ही खातीसुद्धा कायद्याच्या अर्थाने ‘उद्योग’ होत. म्हणजे तिथल्या नोकरांना तंटा मांडण्याचा हक्क आला. त्याच वर्षी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातल्या, भरपाई न देता कमी केलेल्या नोकरांच्या दाव्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी रुग्णालयालाही हेच लागू केले. 1970 साली न्यायालयाने हे मत फिरवले. पुढे 1978 साली सात न्यायमूर्तींनी ते पुन्हा मान्य केले, आणि धर्मादाय संस्थांबद्दलही स्पष्ट सांगितले: सेवा गरिबांना फुकट मिळत असेल, पण नोकर पगारी असतील, तर त्यांचे हक्क इतर कामगारांसारखेच. मुख्यतः स्वयंसेवकच चालवतात अशा आश्रमासारख्या लहान संस्था तेवढ्या वगळल्या.

आता 2020 ची औद्योगिक संबंध संहिता पाहा. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. धर्मादाय व सामाजिक सेवा करणाऱ्या संस्थांनी चालवलेली कामे तिने ‘उद्योगा’च्या व्याख्येतून बाहेर ठेवली आहेत. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीच्या आसपास मिळालेली वाट अशी अरुंद झाली.

कोणी म्हणेल, कोर्टकचेरीचे आम्हाला काय? तर असे पाहा. अंथरुणाला खिळलेल्या मुलाला दर दोनएक तासांनी कूस पालटून द्यावी लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. घास सावकाश भरवावा लागतो, नाही तर ठसका लागतो. वीस मुलांमागे रात्री एकच बाई असली, तर तिने कोणाकडे आधी धावावे? पगार अपुरा, म्हणून माणसे टिकत नाहीत. माणसे टिकत नाहीत, म्हणून उरलेल्यांवर भार पडतो. आणि जे मूल बोलू शकत नाही, त्याची खूण ओळखणारी बाई निघून गेली, की त्याची भूक-तहानही कोणाला कळत नाही.

ह्यात संस्थाचालकांचीही अडचण खरी आहे. सरकारी अनुदान उशिरा येते, आणि आपण देणगी देतो ती खोलीला, पंख्याला, कारण तिथे नावाची पाटी लागते. रात्रपाळीच्या पगाराला पाटी लागत नाही.

तेव्हा गुरुजींनी मुलांना घेऊन अशा संस्थेला भेट द्यावी, गावकऱ्यांनी वर्गणी न्यावी, पण दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. रात्री इथे किती माणसे असतात? आणि त्यांच्या हाती महिन्याला काय पडते?