पारपटलाचा नवा थर शोधणारे नेत्रशल्यचिकित्सक : डॉ. हरमिंदर दुआ

मानवी शरीररचनेचा अभ्यास गेली अनेक शतके सुरू आहे. त्यामुळे उघड्या डोळ्यांना किंवा सूक्ष्मदर्शकाला दिसण्याजोगे सारे काही आता नोंदवले गेले आहे, असा समज रूढ होता. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठातील नेत्रतज्ज्ञ डॉ. हरमिंदर सिंग दुआ यांनी 2013 मध्ये या समजाला धक्का दिला. डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्यात, म्हणजेच पारपटलात, आजवर वेगळा म्हणून न ओळखलेला एक थर असल्याचे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. हा थर 'दुआ थर' या नावाने ओळखला जाऊ लागला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या या शल्यचिकित्सकाच्या कार्याचा हा परिचय.

नागपूर ते नॉटिंगहॅम

नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1947 मध्ये सुरू झाले. विदर्भ, मध्य प्रदेश आणि आजच्या छत्तीसगडमधील रुग्णांना अनेक दशके या संस्थेचा आधार वाटत आला आहे. येथून बाहेर पडलेले अनेक डॉक्टर देशविदेशात नावारूपाला आले. डॉ. दुआ हे त्यांपैकी एक होत.

पुढील शिक्षण व संशोधनासाठी ते ब्रिटनला गेले. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे प्रा. जॉन फॉरेस्टर यांच्यासमवेत त्यांनी पारपटलावरील जखमा कशा भरून येतात, याचा अभ्यास केला. या विषयावरील त्यांचे निबंध 1987 आणि 1990 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर नॉटिंगहॅम विद्यापीठात नेत्रविज्ञानाचे प्राध्यापक आणि तेथील क्वीन्स मेडिकल सेंटर या रुग्णालयात शल्यचिकित्सक अशी दुहेरी जबाबदारी त्यांनी अनेक वर्षे सांभाळली. शस्त्रक्रियागृहात पडलेला प्रश्न प्रयोगशाळेत न्यायचा आणि तेथील उत्तर पुन्हा रुग्णापर्यंत आणायचे, ही त्यांच्या कामाची पद्धत राहिली.

पारपटलाची रचना

पारपटल हे डोळ्याचे पारदर्शक तावदान होय. त्याची जाडी मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात. प्रकाशकिरण डोळ्यात शिरताना सर्वाधिक वळतात ते येथेच. हे तावदान गढूळ झाले, तर मागील दृष्टिपटल कितीही निरोगी असले तरी दिसत नाही.

वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत पारपटलाचे पाच थर सांगितले जात. सर्वांत पुढे पेशींचा बाह्यस्तर, त्यामागे बोमनचा थर, नंतर जाडीचा बहुतांश भाग व्यापणारा स्ट्रोमा, त्यामागे डेसिमेटचे पटल आणि शेवटी अंतःस्तराच्या पेशी. डेसिमेटच्या पटलाला अठराव्या शतकातील फ्रेंच वैद्य ज्याँ डेसिमेट यांचे, तर बोमनच्या थराला एकोणिसाव्या शतकातील इंग्रज नेत्रतज्ज्ञ विल्यम बोमन यांचे नाव आहे.

या पाचांपैकी अंतःस्तराचे महत्त्व विशेष आहे. पारपटलात शिरणारे पाणी सतत बाहेर काढून ते पारदर्शक ठेवण्याचे काम या पेशी करतात. माणसाच्या डोळ्यात त्या नष्ट झाल्या, तर पुरेशा प्रमाणात पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणूनच शस्त्रक्रियेत रुग्णाच्या स्वतःच्या निरोगी अंतःस्तराला शक्यतो हात लावू नये, असे शल्यचिकित्सकांना वाटते.

बुडबुड्याचे कोडे

पारपटलाचे पहिले यशस्वी रोपण एडुआर्ट झिर्म यांनी 1905 मध्ये ओलोमोउत्स येथे केले. त्यानंतर कित्येक दशके पारपटल पूर्ण जाडीचे काढून त्या जागी दात्याचे पारपटल शिवले जात असे. मात्र रोग केवळ पुढच्या थरांपुरता मर्यादित असेल, तर तेवढेच थर बदलावेत आणि रुग्णाचा अंतःस्तर राखावा, हा विचार पुढे रुजला. अशा शस्त्रक्रियेत परकीय अंतःस्तर बसवला जात नसल्याने, तो शरीराने नाकारण्याचा धोकाच उरत नाही.

अडचण होती ती थर वेगळे करण्याची. मोहम्मद अन्वर आणि क्लाउस टाइकमन यांनी 2002 मध्ये त्यावर एक युक्ती प्रसिद्ध केली. पारपटलात सुईने हवा सोडायची, हवेचा मोठा बुडबुडा तयार होतो आणि पुढील स्ट्रोमा मागील पटलापासून सुटतो. ही 'मोठ्या बुडबुड्याची पद्धत' जगभर स्वीकारली गेली. हवा नेमकी डेसिमेटच्या पटलापुढे शिरते आणि उरते ते केवळ पटल व अंतःस्तर, अशी सर्वांची समजूत होती.

डॉ. दुआ यांना मात्र एक गोष्ट खटकत होती. डेसिमेटचे पटल अतिशय नाजूक असते. असे असताना काही शस्त्रक्रियांमध्ये बुडबुड्याची भिंत इतकी चिवट कशी? शिवाय प्रत्येक बुडबुडा सारखा नसे. काही मध्यभागातून सुरू होऊन घुमटासारखे वाढत, तर काही कडेपासून सुरू होत, मोठे होत आणि सहज फुटत.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्यांच्या गटाने दात्यांकडून मिळालेल्या 31 नेत्रपटलांचा अभ्यास केला. त्यांत हवा भरून बुडबुडे तयार करण्यात आले. त्यानंतरची पायरी निर्णायक ठरली. पहिल्या प्रकारच्या बुडबुड्यावरून डेसिमेटचे पटल सोलून काढण्यात आले, तरी बुडबुडा फुटला नाही. याचा अर्थ हवा अडवून धरणारे पटलाव्यतिरिक्त आणखी काही तेथे होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता कोलॅजन तंतूंच्या पाच ते आठ पापुद्र्यांचा, पेशीविरहित असा पातळ थर दिसला. त्याची सरासरी जाडी सुमारे 10 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी होती. एवढा पातळ असूनही तो दीड ते दोन बार इतका दाब सहन करतो, असे विद्यापीठाने त्या वेळी जाहीर केले. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब साधारण एवढाच असतो.

दुसऱ्या प्रकारच्या बुडबुड्यात हवा या थराच्या मागे, डेसिमेटच्या पटलापुढे शिरते. त्यामुळे त्याची भिंत पातळ राहते आणि तो लवकर फुटतो. शल्यचिकित्सकांना पूर्वी लहरी वाटणाऱ्या बुडबुड्यांमागे असे निश्चित कारण असल्याचे यातून स्पष्ट झाले. हे संशोधन 2013 मध्ये 'ऑफ्थॅल्मॉलॉजी' या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

मतभेद

या शोधाचे जगभर स्वागत झाले, तसे त्यावर आक्षेपही घेण्यात आले. हा स्वतंत्र थर नसून स्ट्रोमाचाच सर्वांत मागचा भाग आहे, असे मत काही संशोधकांनी 2014 आणि 2015 मधील लेखनात मांडले. शेवटच्या पेशी आणि डेसिमेटचे पटल यांतील अंतर सर्व डोळ्यांत सारखे नसते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. शोधनिबंधाच्या शीर्षकातच संशोधकाचे नाव असणे योग्य आहे का, असाही प्रश्न विचारला गेला. आज अनेक लेखक त्याला 'डेसिमेटपूर्व थर' असे म्हणतात, तर काही दोन्ही नावे वापरतात.

नावाविषयीचा हा वाद विज्ञानाच्या रीतीला धरूनच आहे. मात्र पारपटलाच्या त्या भागात हवेने सुटणारा एक चिवट पापुद्रा मिळतो आणि तो जपला तर शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित होते, हा शल्यचिकित्सकांचा अनुभव या वादाने बाधित होत नाही. रुग्णाच्या दृष्टीने हीच बाब मोलाची होय.

शोधाचे परिणाम

या निष्कर्षांमुळे काही रोगांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. पारपटल शंकूसारखे पुढे येण्याच्या विकारात काही वेळा अचानक पाणी शिरून ते पांढरे पडते. या थराला तडा गेल्यामुळे असे होत असावे, अशी मांडणी डॉ. दुआ यांनी केली. डोळ्यातील द्रव ज्या जाळीतून बाहेर पडतो, तिचे तंतू या थराच्या कडेपासून निघतात, असे त्यांच्या गटाने 2014 मध्ये दाखवले. काचबिंदूच्या अनेक रुग्णांत या जाळीतून द्रवाचा निचरा नीट होत नाही, म्हणून या निरीक्षणाला महत्त्व आहे.

त्याच वर्षी चेन्नई येथील डॉ. अमर अग्रवाल आणि डॉ. दुआ यांनी सहकाऱ्यांसह रोपणाची एक नवी पद्धत प्रसिद्ध केली. तीत दात्याचा अंतःस्तर, डेसिमेटचे पटल आणि हा थर एकत्र रोपण केले जातात. तरुण दात्याचे नुसते पटल काढले, तर त्याची घट्ट गुंडाळी होते व ते उलगडणे अवघड जाते. हा थर जोडलेला राहिल्यास ऊतीला बळकटी येते आणि तरुण दात्यांचे डोळेही वापरता येतात. त्यांत अंतःस्तराच्या पेशी अधिक असतात, हा आणखी एक लाभ.

भाजलेल्या डोळ्यांची प्रतवारी

डॉ. दुआ यांचे नाव या थरामुळे सर्वतोमुखी झाले असले, तरी त्यापूर्वीचे त्यांचे एक कार्य भारतीय रुग्णांच्या दृष्टीने तेवढेच मोलाचे आहे. ते म्हणजे रसायने किंवा उष्णता यांमुळे भाजलेल्या डोळ्यांची प्रतवारी. नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील छत्तीसगडमधील भिलाईचा विचार केला, तरी या विषयाची गरज ध्यानी येते. तेथे सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 मध्ये सुरू झाली आणि तिच्याभोवती एक मोठे औद्योगिक नगर वसले. तप्त धातू, ठिणग्या, आम्ले आणि अल्कली यांच्या सान्निध्यात काम चालते, अशा प्रत्येक ठिकाणी डोळ्यांना इजा होण्याचा धोका असतो. घरातही तो असतोच. पानात खाण्याच्या चुन्याची पुडी फुटून लहान मुलांच्या डोळ्यांत चुना गेल्याच्या घटना भारतात नेत्रतज्ज्ञांच्या परिचयाच्या आहेत. चुन्यासारखी अल्कली डोळ्यात खोलवर झिरपत जाते, म्हणून ती बहुतेक आम्लांपेक्षा अधिक घातक ठरते.

पूर्वी अशा इजांच्या चार प्रती मानल्या जात. पारपटल आणि डोळ्याचा पांढरा भाग यांच्या सीमेचा अर्ध्याहून अधिक भाग जळाला, की सर्व रुग्ण एकाच शेवटच्या प्रतीत मोडत. प्रत्यक्षात त्यांच्यातील काहींची दृष्टी परत येई, काहींची येत नसे. डॉ. दुआ, किंग आणि जोसेफ यांनी 2001 मध्ये सहा प्रतींची नवी पद्धत मांडली. सीमेचे घड्याळाच्या तबकडीप्रमाणे बारा भाग कल्पून किती 'तास' जळाले आणि पांढऱ्या भागावरील आवरणाचा शेकडा किती भाग बाधित झाला, हे तीत मोजले जाते. त्यामुळे रुग्णाला पुढे काय अपेक्षित आहे, हे अधिक नेमकेपणाने सांगता येते.

सीमेलाच एवढे महत्त्व का, याचे उत्तर मूलपेशींत आहे. पारपटलाचा बाह्यस्तर सतत झिजतो आणि तो भरून काढणाऱ्या मूलपेशी याच सीमेवर राहतात. त्या नष्ट झाल्या, तर पारपटलावर रक्तवाहिन्या व आवरण चढते आणि दृष्टी जाते. या मूलपेशींचे आश्रयस्थान असू शकतील अशा सूक्ष्म कप्प्यांची रचना डॉ. दुआ यांच्या गटाने 2005 मध्ये वर्णन केली. अशा रुग्णांसाठी मूलपेशींचे रोपण हा आज महत्त्वाचा उपाय आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील डॉ. वीरेंद्र संगवान यांच्या गटाने 2012 मध्ये त्याची एक सोपी पद्धत प्रसिद्ध केली.

तरीही सर्वांत प्रभावी उपचार तत्काळ करण्याचा आहे. डोळ्यात रसायन गेल्यास क्षणाचाही विलंब न लावता भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा बराच वेळ धुवावा. चुन्याचे कण शिल्लक राहू देऊ नयेत आणि नंतर लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जावे. डोळा चोळू नये.

सन्मान

ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट्स या नेत्रतज्ज्ञांच्या सर्वोच्च संस्थेचे अध्यक्षपद डॉ. दुआ यांनी 2011 ते 2014 या काळात भूषवले. 'ब्रिटिश जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी' या नियतकालिकाचे संपादक म्हणूनही त्यांनी काम पाहिले. नेत्रसेवेतील कार्याबद्दल 2019 मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना 'सीबीई' हा किताब दिला.

दात्यांचे ऋण

या साऱ्या संशोधनाचा पाया आहे तो नेत्रदानाचा. ज्या 31 नेत्रपटलांतून नव्या थराचा पुरावा मिळाला, ती अनाम दात्यांनी दिलेली होती. पारपटलाच्या निरनिराळ्या थरांचे स्वतंत्र रोपण शक्य झाल्याने एका दात्याच्या डोळ्यांचा उपयोग आता दोनपेक्षा अधिक रुग्णांनाही होऊ शकतो. आपल्याकडे दरवर्षी 25 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा म्हणून पाळला जातो. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवणे आवश्यक असते. चष्मा असलेल्या किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीचेही नेत्रदान होऊ शकते.

मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका हा थर प्रत्येक माणसाच्या डोळ्यात पूर्वीपासून होता आणि शस्त्रक्रियेत अनेकांच्या हाताखालून गेला होता. बुडबुडा का फुटत नाही, असा प्रश्न एका शल्यचिकित्सकाने विचारला, तेव्हा तो दिसला.