'रिलक्टन्ट' : एका शब्दाची जयपुरी हकीकत

सरकारी टिप्पणीत 'रिलक्टन्ट' हा इंग्रजी शब्द फार सहजपणे येतो. लाभार्थी रिलक्टन्ट आहेत, राज्य शासन रिलक्टन्ट आहे. त्याचे 'अनिच्छुक' असे भाषांतर करून आपण मोकळे होतो. वास्तविक या शब्दाच्या मुळाशी कुस्ती खेळणे, झुंजणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. अनिच्छेत नुसती इच्छेची उणीव असते. येथे मात्र आत झटापट चाललेली असते. ती कशाशी, हे टिप्पणीत सहसा नसते.

जयपूरला असताना त्या संस्थानाचा इतिहास वाचला आणि हा भेद उमगला. १८१७-१८ मध्ये कंपनी सरकार राजपूत संस्थानांशी तह करीत होते. कोटा डिसेंबर १८१७ मध्ये, जोधपूर व उदयपूर जानेवारी १८१८ मध्ये तहात आले. होळकरांच्या फौजा आणि अमीरखान यांच्या उपद्रवाने जेरीस आलेले जयपूर मात्र घासाघीस करीत राहिले. तह झाला तो २ एप्रिल १८१८ रोजी. इतकी गरज असताना हे आढेवेढे कशासाठी?

उत्तर पंधरा वर्षे मागे आहे. डिसेंबर १८०३ मध्ये कंपनीने जयपूरशी तह करून संरक्षणाचे वचन दिले होते. त्यात खंडणी नव्हती. पुढे धोरण बदलले आणि गव्हर्नर जनरल बार्लोने, जयपूरने अटी पाळल्या नाहीत असे कारण देऊन, तो तह मोडला. खुद्द सेनापती लेकने यास विरोध केला होता. सोयीसाठी इंग्रजांनी वचन सोडले, अशी जयपूरच्या वकिलाची तक्रार माल्कमने नोंदविली आहे. १८१८ चा तह तर अधिक महाग होता : पहिले वर्ष माफ, दुसऱ्या वर्षी ४ लाख, मग दरवर्षी एकेक लाख वाढवीत सहाव्या वर्षापासून ८ लाख रुपये खंडणी. एकदा मोडलेले वचन चढ्या भावाने पुन्हा विकत घ्यायचे होते. जयपूरची झटापट या स्मृतीशी होती.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मी म्हणेन, की शासनाची पत ही सुद्धा पुंजीच आहे. ती एक अधिकारी खर्च करतो आणि तिचे व्याज त्याच्या नंतरचा भरतो.

पुढे एका योजनेच्या टिप्पणीत 'ग्रामस्थ संमती देण्यास रिलक्टन्ट आहेत' असे वाक्य माझ्यापुढे आले. मी जुनी नस्ती मागविली. त्याच गावाला पूर्वी दिलेले एक आश्वासन तीत अपुरेच पडून होते. मी ते वाक्य खोडले आणि त्या जागी आश्वासनाची तारीख लिहिली.