पाण्यावरचा हक्क आणि पाण्यातला धोका

सार्वजनिक पाण्याचा इतिहास सांगताना ते कोणी बांधले आणि कोणाला मिळाले, एवढेच आपण बहुधा सांगतो. आपल्या खोपोलीचे तळे नाना फडणविसांनी बांधले. १९१५ साली टाटांचे वीजघर सुरू झाले आणि लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी घाट उतरून पाताळगंगेस बारमाही मिळू लागले. हे आपल्याला ठाऊक असते. परंतु पाण्यात माणसाखेरीज आणखी कोणाचा संसार आहे, हा प्रश्न मागेच राहतो.

त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात, महाडास मिळते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी पिऊन सार्वजनिक पाणी सर्वांचे आहे हे सिद्ध केले. त्याच महाडाजवळून वाहणाऱ्या सावित्रीत मगरींची वस्ती आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महामार्गावरील पूल कोसळला, तेव्हा शोध घेणाऱ्यांना पुराबरोबर मगरींचेही भय बाळगावे लागले.

मगर ही काही दुष्ट नव्हे. कातड्यासाठी तिची इतकी हत्या झाली, की १९७२ च्या कायद्याने तिला संरक्षण द्यावे लागले आणि १९७५ पासून तिच्या संवर्धनाची योजना सुरू झाली. थंडीत ती काठावर ऊन खात पडते. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास काठच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि जवळ राहून त्यांची राखण करते. याच उन्हाळ्यात पाणी आटते, आणि माणूस, गुरे व मगर एकाच डोहाशी येतात. संघर्षाचे मूळ येथे आहे.

ज्याच्या घरी नळ आहे त्याला नदी टाळता येते. धुणे धुणारी बाई, गुराखी, मासेमार यांना ती टाळता येत नाही. त्यांच्यापुढे ‘पाण्यात उतरू नये’ अशी नुसती पाटी लावणे म्हणजे कर्तव्य संपविणे नव्हे, ते त्यांच्यावर ढकलणे होय. पाटी हवीच, पण धुण्यास दुसरीकडे पाणी हवे, गुरांस हौद हवा, घाटाला मजबूत जाळी हवी. आपल्याकडूनही काही पाळले गेले पाहिजे. मांसमासळीची घाण काठावर टाकू नये, काठची वाळू उपसू नये, तिन्हीसांजेनंतर पाण्याशी जाऊ नये, मगर दिसल्यास दगड न मारता वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावे.

पाणी सर्वांचे, हे महाडने आपल्याला शिकविले. सर्वांचे म्हटले, की त्यातला धोकाही सर्वांनी वाटून घ्यावयाचा असतो. तो गरिबाच्या वाट्यास एकट्याने येऊ लागला, तर त्या हक्काचे मोल काय राहिले?