आर्द्रेचा तारा फुटणार! पृथ्वीला धोका किती? जाणून घ्या

मृग सरला की आर्द्रा नक्षत्र लागतं आणि शेतकऱ्याची नजर आभाळाकडे जाते. याच आर्द्रेचा तांबूस तारा म्हणजे काक्षी, इंग्रजी नाव बीटलज्यूस. गंमत अशी की आर्द्रेच्या पावसात तो दिसतच नाही, कारण सूर्य तेव्हा आभाळाच्या त्याच भागात असतो. तो बघायचा थंडीत, रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला गेल्यावर. मृगातल्या बाणाचे तीन तारे सापडले की त्यांच्या उत्तरेला हा लालसर ठिपका ओळखू येतो.

हा तारा म्हातारा झालाय. सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वीला गिळून टाकेल एवढा फुगलाय. २०१९ च्या अखेरीस तो मंद होऊ लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याचं तेज निम्म्याहून कमी झालं, तेव्हा 'आता फुटतो' अशी चर्चा जगभर झाली. प्रत्यक्षात ताऱ्यानेच बाहेर टाकलेल्या वायूची धूळ होऊन ती आड आली होती. तो फुटणार हे नक्की, पण पुढच्या लाखभर वर्षांत कधीही. म्हणजे 'पुढच्या महिन्यात स्फोट' असा मेसेज आला तर तो पुढे पाठवू नका.

मग धोका कसला? तारा फुटला की गॅमा किरण आणि वेगवान कण सुटतात. ते वातावरणात शिरले की नायट्रोजनची संयुगं तयार होतात आणि ती ओझोनचा थर खातात. ओझोन विरळ झाला की सूर्याचे अतिनील किरण थेट खाली येतात. पिकं, जनावरं, समुद्रातले सूक्ष्म जीव, सगळ्यांनाच त्याचा फटका बसतो. पण त्यासाठी स्फोट साधारण २५ ते ५० प्रकाशवर्षांच्या आत व्हावा लागतो. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. काक्षी ५०० प्रकाशवर्षांहून लांब आहे. आज दिसतो तो त्याचा उजेड शिवाजी महाराजांच्या जन्माआधीच तिथून निघालाय! कधीतरी फुटणारा चित्रा नक्षत्राचा ताराही सुमारे २५० प्रकाशवर्षांवर आहे.

असे स्फोट पृथ्वीने आधीही सोसलेत. समुद्राच्या तळाच्या गाळात लोह-६० सापडतं. ते अशाच ताऱ्यातून आलेलं, सुमारे २० ते ३० लाख वर्षांपूर्वीचं. जीवसृष्टी मात्र टिकून राहिली.

काक्षी फुटला तर अर्ध्या चंद्राएवढा उजेड पडेल आणि काही महिने तो दिवसाही दिसेल. १०५४ मध्ये असा तारा चीनमधल्या लोकांनी भरदिवसा २३ दिवस पाहिला होता. उजेडाच्या आधी न्यूट्रिनो नावाचे कण पोहोचतात. २३ फेब्रुवारी १९८७ ला जपानच्या कामिओकांदे यंत्राने ते टिपले होते, तारा उजळलेला दिसण्याच्या काही तास आधी. त्यामुळे काक्षीच्या स्फोटाची खबर शास्त्रज्ञांना आधीच लागेल.