कानाला सोसत नाही तिची गोष्ट

आपल्या बेळगाव-निपाणी भागात ‘किरकिरी’ हा शब्द फार स्वस्त झालाय. भांड्यांच्या खणखणाटाने जिच्या कपाळावर आठी चढते ती किरकिरी. कोणी मचमच करत जेवायला लागलं की जी पानावरून उठते, तीही किरकिरी. लग्नाआधी तिला ऐकवतात, ‘सासरला गेल्यावर कळंल!’ आणि लग्नानंतर, ‘माहेरात लई लाडात वाढलीया.’ आवाज न सोसणं हे दुखणं असू शकतं, हे कोणाच्या मनातच येत नाही. या दुखण्याचा इतिहास मी शोधायला लागले, तेव्हा त्यात जागोजागी बायकाच भेटत गेल्या.

लंडनमधला थोर इतिहासकार थॉमस कार्लाइल शेजारच्या कोंबड्यांनी हैराण झाला होता. 1853 साली त्याने घराच्या माथ्यावर दुहेरी भिंतींची खोली बांधायला काढली. पैसा गेला, पण खोली काही शांत झाली नाही. शेजाऱ्यांना गाठून कोंबड्यांचा बंदोबस्त करायचं काम शेवटी बायकोच्याच, जेनच्याच गळ्यात आलं. त्याच शहरातला गणिती चार्ल्स बॅबेज रस्त्यावरच्या वाजंत्र्यांशी भांडत राहिला. लोक मुद्दाम त्याच्या दारात येऊन वाजवायचे. तरी 1864 साली वाजंत्र्यांना आवरणारा कायदा झालाच. थट्टा या पुरुषांचीही झाली. पण त्यांचं सोसवेनासं होणं विद्वानाचं म्हणून नोंदलं गेलं. बाईचं तेच असेल तर तो नखरा ठरतो.

रुग्णाच्या बाजूने हे प्रथम नीट मांडलं फ्लॉरेन्स नाइटिंगेलने. शुश्रूषेवरच्या 1859 सालच्या पुस्तकात तिने आवाजावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. तिचा मुद्दा आपल्या घरांनाही लागू पडतो: आवाज किती मोठा, एवढ्यावरच त्रास ठरत नाही. बिनगरजेचा आणि मनाला ताटकळत ठेवणारा आवाज जास्त छळतो. दाराबाहेरची कुजबुज आणि कपड्यांची सळसळसुद्धा आजाऱ्याला जड जाते, हे तिने खाटेशेजारी राहून पाहिलं होतं.

मग न्यूयॉर्कची ज्युलिया बार्नेट राइस. वैद्यकीचं शिक्षण घेतलेली आणि घरसंसारात असलेली ही बाई नदीकाठी राहायची. रात्रभर बोटींच्या शिट्ट्या चालत. नुसती तक्रार करून कोणी ऐकणार नाही, हे ओळखून तिने कायद्याच्या विद्यार्थ्यांना बसवून शिट्ट्या मोजून घेतल्या. इस्पितळातल्या रुग्णांचा त्रास पुढे केला आणि 1906 साली अनावश्यक आवाजाविरुद्ध संस्था उभी केली. पुढच्याच वर्षी बिनकामाच्या शिट्ट्यांवर कायदा आला. इस्पितळाजवळ गोंगाट न करण्याची शपथ तिने मुलांना दिली, आणि मुलांच्या त्या शाखेला मार्क ट्वेनसारखा लेखक मानद अध्यक्ष मिळाला.

ताटावरून उठणाऱ्या मुलीच्या दुखण्याला मात्र नाव मिळायला 2001 साल उजाडलं. अमेरिकेतल्या मार्गारेट आणि पावेल जॅस्ट्रेबॉफ या दांपत्याने त्याला ‘मिसोफोनिया’ म्हटलं. चावणं, भुरके मारणं, नाक ओढणं, पेनाची टकटक अशा ठरावीक आवाजांनी यात संताप किंवा घुसमट उसळते. कान तपासले तर बहुधा ठणठणीत निघतात. 2017 साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी अशा माणसांच्या मेंदूचं चित्रण केलं. असे आवाज कानी पडताच भावनांशी निगडित एक भाग इतरांपेक्षा जास्त पेटलेला दिसला आणि नाडीही वाढली. सगळेच आवाज मोठे वा दुखरे वाटणं, हे वेगळं दुखणं. त्याला ‘हायपरअक्युसिस’ म्हणतात.

आपल्याकडे या इतिहासाचा एक धागा मागावरून जातो. शेजारच्या इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. बेळगावच्या वडगाव-खासबागेतही घरोघरी माग खडखडू लागले. माझ्या आत्यांच्या सोप्यातच माग होते. वीज गेली की तेवढी शांतता मिळायची. उतारवयात त्यांना ऐकू कमी येऊ लागलं, पण झाकण पडलं तरी त्या दचकून कानावर हात ठेवत. घरचे म्हणत, ‘बोललेलं ऐकू येईना, झाकण बरं ऐकू येतंय?’ यात ढोंग नव्हतं. गोंगाटाने झिजलेल्या कानाला हळू आवाज पोचत नाही, आणि जरा वाढला की तोच आवाज एकदम अंगावर येतो. ही गोष्ट आत्यांना जिवंतपणी कोणी सांगितली नाही.

भारतात 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले: वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी. 18 जुलै 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे लागू केले. त्या खटल्यामागे फार भयंकर घटना होती: बलात्कार होत असलेल्या तेरा वर्षांच्या मुलीच्या किंकाळ्या कर्ण्याच्या गोंगाटात कोणाला ऐकूच आल्या नव्हत्या. मुंबईत सुमैरा अब्दुलाली 2003 साली न्यायालयात गेल्या. आवाज मोजायचं यंत्र घेऊन त्या स्वतः रस्त्यावर उभ्या राहतात. ज्युलियाचीच रीत!

आता आपलं बघू. मिरवणुकीतला डॉल्बी सगळ्यांना खुपतो, पण पंचकल्याणकाच्या मंडपावरचा आपला कर्णाही त्याच हवेत वाजतो. शब्दानेही कोणाला दुखवू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. मग नुसत्या आवाजाने कोणी दुखावत असेल, तर तेही त्याच हिशेबात धरायला हवं.

घरात अशी लेक किंवा सून असेल, तर तिला आधी कानाच्या डॉक्टरांकडे न्या. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांकडेही न्या. त्यात लाज कसली? तिला दिवसभर कानात बोळे घालून बसू देऊ नका, त्याने कान आणखी हळवे होतात. पंगतीत तिला कडेची जागा द्या, मागे पंखा किंवा रेडिओ हळू चालू ठेवा. आणि ती उठून गेलीच, तर तिचं ताट झाकून ठेवा. टोमणा मात्र मारू नका.