आंतरराष्ट्रीय विकास : परदेशातील संशोधनासाठी शिष्यवृत्त्या

राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती : केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची, पदव्युत्तर शिक्षण व पीएच.डी.साठी. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत, किमान ६० टक्के गुण. २०२२ च्या नियमांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. त्यामुळे भारतातील जात व विकास यांवर संशोधन करायचे असेल, तर विषय ठरवण्याआधी नियम वाचा.

राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती : राज्य शासनाची, अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी.

चेव्हनिंग : ब्रिटिश सरकारची, एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी. दोन वर्षांच्या कामाचा अनुभव हवा. चळवळीतले काम अर्जात नेमकेपणाने मांडा.

कॉमनवेल्थ : आपल्या शिक्षणाचा देशाच्या विकासाला काय उपयोग, हे अर्जात पटवून द्यावे लागते.

जातीचा व उत्पन्नाचा दाखला आजच काढून ठेवा. कागदांअभावी संधी जाऊ देऊ नका.