वॉशिंग्टन कराराने हात कोणाचे बांधले?

नौदलांवर मर्यादा घालणाऱ्या 1922 च्या वॉशिंग्टन करारावर सह्या करून अमेरिका आणि ब्रिटनने आपले आरमार आपल्याच हाताने मोडीत काढले आणि पॅसिफिक महासागर जपानला आंदण दिला, असे सर्रास लिहिले जाते. पर्ल हार्बरचे खापरही याच करारावर फुटते. हा पूर्वपक्ष हिशेबाला टिकत नाही.

12 नोव्हेंबर 1921 रोजी वॉशिंग्टनच्या परिषदेत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री ह्यूज यांनी आपल्या 30 मोठ्या युद्धनौका मोडीत काढायची तयारी दाखवली. त्यांतल्या 15 जुन्या होत्या आणि 15 गोदीत बांधून व्हायच्या होत्या. महायुद्ध संपून तीन वर्षे झाली होती. गोदीतल्या जहाजांवर आणखी पैसा ओतायला अमेरिकी काँग्रेस नाखूश होती. म्हणजे करार झाला नसता, तरी ते आरमार कागदावरच राहण्याची शक्यता दाट होती. करारात मान्य असलेले बळसुद्धा अमेरिकेने वर्षानुवर्षे उभे केले नाही. ते गाठण्याचा कायदा झाला 1934 साली.

उलट जपानकडे पाहा. सरकारी खर्चाचा सुमारे एक तृतीयांश वाटा एकट्या नौदलावर जात होता. अमेरिकेच्या पाचास जपानचे तीन हे प्रमाण अपमानाचे आहे, दहास सात हवेच, असा हट्ट शिष्टमंडळातले अॅडमिरल कातो कांजी धरून बसले होते. नौदलमंत्री कातो तोमोसाबुरो यांनी तो मोडून काढला. पैशाशिवाय युद्ध नाही, कर्ज देऊ शकेल असा देश एकटा अमेरिका, मग लढायचे कोणाशी, हा त्यांचा रोकडा सवाल होता. अमेरिकेने मोकाट जहाजे बांधली, तर तीन सोडाच, दोनही हाती राहणार नाहीत, हे त्यांना कळत होते. घासाघीस करून त्यांनी ‘मुत्सु’ ही नवी युद्धनौका वाचवली. मोबदल्यात अमेरिकेला दोन अर्धवट जहाजे पुरी करण्याची आणि ब्रिटनला दोन नवी बांधण्याची मुभा मिळाली.  

आक्षेपातला एक मुद्दा वजनदार आहे. फिलिपाइन्स, ग्वाम आणि हाँगकाँग येथे नवी तटबंदी न करण्याचे कलम खरोखर महागात पडले, असे म्हणतात. पण जपानने 1934 च्या डिसेंबरात नोटीस दिली आणि 1936 अखेर करार संपला. त्यानंतर, 1939 साली, ग्वामचे बंदर सुधारण्यासाठी मागितलेला निधी काँग्रेसने नाकारला. तेव्हा हात कोणत्या कलमाने बांधले होते?

बंधन सुटल्यावर जपानने ‘यामातो’ आणि ‘मुसाशी’ ही अजस्र जहाजे बांधायला घेतली. अमेरिकेने जुलै 1940 मध्ये एकाच कायद्याने आपले आरमार सुमारे 70 टक्क्यांनी वाढवायला मंजुरी दिली. जपानच्या गोदींना ही बरोबरी साधणे अशक्य होते, आणि तोमोसाबुरोंनी नेमके हेच टाळण्यासाठी सही केली होती.